‘ई-वाय-जे’नं सुरू होणाऱ्या नोंदी : एका पतसंस्थेच्या पिग्मी ॲपचं प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातली एक सहकारी पतसंस्था. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संस्थेची शाखा एकच, काउंटरवर पाच संगणक आणि बाहेर फिरणारे अकरा पिग्मी एजंट. पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचत, हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. एजंट रोज ठरल्या वेळी दुकानात, घरी, देवळाबाहेरच्या फुलवाल्यांच्या टोपल्यांपाशी जातो, दहा-वीस-पन्नास रुपये घेतो, कार्डावर आकडा लिहून सही करतो आणि संध्याकाळी शाखेत भरणा करतो. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये ही योजना काढली तेव्हा दिवसाला दोन आणे घेतले जात. रक्कम बदलली, पद्धत तीच राहिली. माणूस माणसाच्या दारात जातो आणि सगळं त्याच्या भरवशावर चालतं.

संस्थेनं काही वर्षांपूर्वी एका डेव्हलपरकडून पिग्मीसाठी वेब ॲप करून घेतलं होतं. नऊ एजंट ते फोनवर वापरत. दोघं जुने एजंट कागदावर यादी आणत आणि काउंटरवरची मुलगी तीच यादी त्याच ॲपमध्ये भरत असे. फोनवरच्या नोंदी दिवसभर ब्राउझरच्या साठ्यात राहत, कारण सावईवेऱ्याच्या पुढे किंवा धारबांदोड्याकडच्या चढावर रेंजचा भरवसा नसतो. संध्याकाळी इंटरनेट मिळालं की सगळं सर्व्हरवर जाई. फोन हरवला तर खातेदारांची माहिती उघडी पडू नये म्हणून नोंदी कूटबद्ध करून ठेवायच्या, असं करारातच लिहिलं होतं. चावी एजंटच्या चार आकडी पिनवरून तयार होई.

तो डेव्हलपर नंतर परदेशी गेला. २०२१ पासून ॲपची देखभाल माझ्याकडे आणि माझ्या सहकारी मैत्रिणीकडे आली. खरं सांगायचं तर आम्ही कोड नीट वाचलाच नव्हता. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असाच आमचा खाक्या होता.

प्रश्न कसा समोर आला

एप्रिल २०२२ मध्ये एक एजंट फोन बसमध्ये विसरला. कंडक्टरनं दुसऱ्या दिवशी तो प्रामाणिकपणे परत केला. त्यामुळे खरं तर काहीच घडलं नव्हतं. पण व्यवस्थापक बाईंनी आम्हाला फोन करून एकच विचारलं : “एक रात्र फोन बाहेर होता. आतलं कुणाला वाचता आलं नसेल ना?”

“नाही मॅडम, सगळं एन्क्रिप्टेड असतं,” मी म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, बघून तरी घ्यावं.

फोन केबलनं लॅपटॉपला जोडला आणि ब्राउझरचा साठा उघडला. प्रत्येक नोंद म्हणजे अर्थहीन दिसणारी अक्षरांची लांब ओळ. एन्क्रिप्शनसारखीच. पण माझ्या सहकारी मैत्रिणीच्या लक्षात आलं की प्रत्येक ओळ ‘ई-वाय-जे’ या तीनच अक्षरांनी सुरू होतेय. कूटबद्ध मजकुराची सुरुवात दर वेळी वेगळी दिसायला हवी. आणि ही तीन अक्षरं ओळखीची होती. महिरपी कंस आणि त्यापुढे अवतरण चिन्ह, म्हणजे जेसन या माहिती लिहिण्याच्या पद्धतीतल्या मजकुराची नेहमीची सुरुवात, बेस-६४ मध्ये बदलली की हीच अक्षरं मिळतात. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. तो फक्त अक्षरांचा वेष आहे, कुणीही क्षणात उतरवू शकतो. आम्ही उतरवला. खातेदाराचं नाव, वाडा, खाते क्रमांक, आजची रक्कम, एकूण शिल्लक, सगळं समोर.

मग कोड वाचला. ज्या फंक्शनमध्ये एन्क्रिप्शन व्हायचं तिथे वरतीच एक अट होती : ब्राउझरमध्ये ‘क्रिप्टो डॉट सटल’ (मजकूर कूटबद्ध करण्याची ब्राउझरची अंगभूत सोय) नसेल तर मजकूर बेस-६४ करून ठेव आणि पुढे चल. ना इशारा, ना कुठे नोंद. खाली आणखी एक पळवाट : सुरक्षित यादृच्छिक आकडे मिळाले नाहीत तर ‘मॅथ डॉट रँडम’ वापर. हे फंक्शन खेळातल्या फाशांसाठी ठीक आहे. क्रोममध्ये त्यामागे २०१६ च्या सुरुवातीपासून एक्सॉरशिफ्ट१२८प्लस ही पद्धत आहे आणि तिचे थोडे आकडे हाती आले की पुढचे काढता येतात. त्यातून चावी किंवा सॉल्ट (चावी बनवताना मिसळायचा यादृच्छिक मजकूर) तयार करणं म्हणजे कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली ठेवणं.

डेव्हलपरची बाजूही मला समजते. कुठल्या तरी फोनवर ॲप बंद पडलं असणार, एजंटानं शाखेत आरडाओरडा केला असणार, आणि यानं त्या रात्री ‘एरर घालवली’. एरर गेली, पण तिच्याबरोबर कुणाला काही कळण्याची वाटही गेली. शेजारी-पाजारी कुणालाही त्यात खोट दिसली नसती, कारण ॲप उत्तम चाललं होतं.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

आम्ही त्याच संध्याकाळी ती पळवाट काढून टाकली. क्रिप्टो नसेल तर ॲपनं थांबावं, एवढंच. हेतू बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शाखेतून फोन. काउंटरवरच्या पाचही संगणकांवर ॲप उघडत नाही. नऊपैकी तीन एजंटांचे फोनही बंद. एक एजंटकाका थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “म्हाका तातूंतलें कांय कळना. माका आज मार्दोळची लाइन करायची आहे, तेवढं सांग.” मी त्यांना कागद दिला.

दुपारपर्यंत आम्ही पळवाट परत घातली. फरक एवढाच की आता प्रत्येक वेळी ती वापरली गेली की सर्व्हरवर नोंद होत होती : कुठला ब्राउझर, कुठला पत्ता, नेमकं काय नाही. आठवडाभर तसंच ठेवलं. म्हणजे उघडी माहिती आणखी आठवडाभर उघडीच राहिली. हा निर्णय आम्ही व्यवस्थापक बाईंना विचारून, लिहून घेऊन केला. पण क्रम उलटा हवा होता. आधी मोजायचं, मग बंद करायचं. मोजणीचा तो छोटा तुकडा आदल्या रात्री अर्ध्या तासात लिहून झाला असता आणि सकाळची धावपळ टळली असती.

एकच एरर, तीन कारणं

आठवड्याच्या नोंदी पाहून आम्ही चक्रावलो. ‘जुने ब्राउझर’ हा आमचा अंदाज निम्माच खरा होता.

काउंटरच्या पाचपैकी चार संगणकांवर विंडोज ७ आणि ताजं क्रोम होतं. वेब क्रिप्टो, म्हणजे ‘सटल’ ज्यात येतं ती सोय, क्रोममध्ये २०१४ पासून, आवृत्ती ३७ पासून आहे. मग इथे ते नाही कसं? उत्तर पत्त्याच्या पट्टीत होतं. फोनवाले ॲप इंटरनेटवरून, एचटीटीपीएसनं, म्हणजे कूटबद्ध जोडणीनं, उघडत. शाखेत मात्र तेच ॲप आतल्या सर्व्हरवरून, साध्या एचटीटीपीनं, १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर उघडलं जाई. असुरक्षित पत्त्यावर क्रोम ‘सटल’ देतच नाही. आवृत्ती ६० पासून ते तिथे चक्क गायब असतं. फायरफॉक्सनंही पुढे तोच नियम लावला. यात गोम अशी की ‘लोकलहोस्ट’ हा स्वतःच्याच संगणकाचा पत्ता सुरक्षित मानला जातो, म्हणून डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं चोख चालत असणार. आणखी एक बारकावा : सुरक्षित यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन साध्या एचटीटीपीवरही मिळतं. त्यामुळे अर्धं क्रिप्टो आहे, अर्धं नाही, असं विचित्र चित्र दिसतं.

पाचव्या संगणकावर इंटरनेट एक्सप्लोरर ११ होता. कारण पासबुक छापणाऱ्या जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर फक्त त्यातच चाले, आणि तिथे बसणारे क्लार्क सगळंच त्यात उघडत. एक्सप्लोररमध्ये क्रिप्टो आहे, पण ‘एमएस-क्रिप्टो’ या वेगळ्या नावानं आणि प्रमाण ठरण्याआधीच्या रूपात. वेब क्रिप्टोची शिफारस वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं जानेवारी २०१७ मध्ये पक्की केली, एक्सप्लोरर ११ मात्र २०१३ चा. तो उत्तर ‘प्रॉमिस’ या नव्या रूपात देत नाही, जुन्या पद्धतीचे इव्हेंट देतो. आणि पिनवरून चावी तयार करणारी पीबीकेडीएफ-२ ही पद्धत त्यात मुळातच नाही.

तीन फोनची गोष्ट वेगळीच. ॲप फोनवर ब्राउझरमध्ये नव्हतं. एका छोट्या खोक्यात, म्हणजे अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये बसवलं होतं. का? स्क्रीनवर संस्थेचं बोधचिन्ह असलेला आयकन हवा म्हणून. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून अद्ययावत होतो. हे तीन फोन ४.४ चे होते. तिथला वेबव्ह्यू फोनबरोबर आला तसा गोठलेला राहतो, क्रोमियमच्या तिशीतल्या आवृत्तीचा. त्यात ‘सटल’ नाही. याच फोनवर क्रोम स्वतंत्रपणे बसवलं असतं तर ८१ पर्यंतची आवृत्ती चालली असती आणि त्यात सगळं आहे. म्हणजे आयकनच्या हौसेपायी तीन एजंटांची माहिती उघडी होती.

पर्याय

सर्वांत आधी सुचला तो पॉलिफिल. ब्राउझरमध्ये नाही तर शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली लायब्ररी घालायची. स्टॅनफर्डची जुनी एसजेसीएल आहे, फोर्ज आहे. आम्ही ४.४ च्या फोनवर करून पाहिलं. पीबीकेडीएफ-२ मध्ये चावी काढताना तेच गणित पुन्हा पुन्हा करतात, म्हणजे पिन पडताळत बसणाऱ्याला वेळ लागतो. त्यासाठी वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेची तेव्हाची शिफारस ३ लाख १० हजार फेऱ्यांची होती (२०२३ मध्ये ती ६ लाखांवर गेली). पिन टाकल्यावर फोन गरम झाला, पान अडकलं, आणि अँड्रॉइडनं ‘वाट बघायची की बंद करायचं’ असं विचारलं. फेऱ्या हजारावर आणल्या की झटकन चाले. जुन्या कोडमध्ये हजारच होत्या, हे इथे कळलं.

पण पॉलिफिलवर माझा खरा आक्षेप वेगाचा नाही. काउंटरवर क्रिप्टो नव्हतं त्याचं कारण पान साध्या एचटीटीपीनं येत होतं. वाटेत बसलेला माणूस जसा मजकूर वाचू शकतो तशी ती लायब्ररीच बदलून पाठवू शकतो. ज्या रस्त्यावर कुलूपवालाच विश्वासाचा नाही त्या रस्त्यानं कुलूप मागवायचं, असा तो प्रकार. ब्राउझरनं तिथे ‘सटल’ काढून घेतलं ते याच कारणानं. ती उणीव भरून काढणं म्हणजे इशाऱ्यावर कागद चिकटवणं.

दुसरा पर्याय : फोनवर काहीच ठेवायचं नाही, प्रत्येक नोंद लगेच सर्व्हरवर. फोंडा बाजारात हे चालेल. डोंगराकडच्या लाइनीवर नाही. एका एजंटानं हिशेब मांडून दाखवला की त्याच्या चाळीस घरांपैकी किती घरांच्या अंगणात फोनला दांडीच येत नाही. पर्याय बाद.

तिसरा : शाखेतल्या सर्व्हरला खरं एचटीटीपीएस द्यायचं. यातही दोन वाटा होत्या. स्वतःचं प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, तयार करून पाचही संगणकांवर बसवायचं, किंवा संस्थेच्या डोमेनखाली एक नाव घेऊन ते आतल्या पत्त्याकडे वळवायचं आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेचं प्रमाणपत्र डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) मार्गानं मिळवायचं. या मार्गात सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावा लागत नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘हा असुरक्षित पत्ता सुरक्षित समज’ असा एक खटका असतो, तोही कुणीतरी सुचवला. तपासणीपुरता तो ठीक. पाच संगणकांवर कायमचा ठेवला की सहा महिन्यांत तो कुणी, का लावला हे कुणालाच आठवत नाही.

चौथा पर्याय अध्यक्षांना आवडला नाही : जुने फोन बदला. “चालतोय तर बदलायचा कशाला?” हा प्रश्न गोव्यात फोनलाच नाही, स्कूटरला आणि पंपालाही विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. पण जोडून हाही हिशेब होता की एक्सप्लोरर आणि जुना वेबव्ह्यू या दोहोंसाठी जोडकोड लिहून तो सांभाळत बसण्याचे आमचे पैसे तीन साध्या नव्या फोनपेक्षा जास्त झाले असते.

पिनचा प्रश्न, जो कुणी विचारला नव्हता

पर्याय मांडता मांडता सहकारी मैत्रिणीनं पाटीवर एकच आकडा लिहिला : १०,०००. चार आकडी पिन एवढेच असू शकतात. फेऱ्या हजार असोत की तीन लाख, फोनमधला साठा बाहेर काढून आपल्या संगणकावर नेलेल्या माणसाला दहा हजार पिन पडताळायला फारसा वेळ लागत नाही. फोन तीन चुकांनंतर कुलूपबंद होईल ही समजूत इथे लागू नाही, कारण तो फोनवर प्रयत्न करतच नाही.

म्हणजे ज्या सहा फोनवर एन्क्रिप्शन ‘चालत’ होतं तिथेही ते बेताचंच होतं. हे मॅडमना सांगायचं की नाही, यावर आमचं दोघांचं जुंपलं. मी म्हणत होतो, आधी गळकं छप्पर झाकू, पाया मग बघू. तिचं म्हणणं, छप्पर उतरवलंच आहे तर पाया आत्ताच बघायचा. ती बरोबर होती.

मार्ग सुचवला तो संस्थेच्या अकाउंटंटनी, नकळत. आम्ही त्यांना विचारत होतो की एजंटला दिवसभराच्या नोंदी परत उघडून दुरुस्त करता यायला हव्यात का. ते जरा रागावलेच. “खोडाखोड कशाला? चुकली तर उलट नोंद घाला. रोजमेळात आम्ही काय रबर फिरवतो?”

त्या वाक्यानं मोठी गाठ सुटली. दुरुस्ती नको असेल तर फोनला जुनी नोंद वाचता येण्याची गरजच उरत नाही. मग चावी फोनवर कशाला? शाखेकडे चाव्यांची जोडी ठेवायची, तिचा जाहीर अर्धा भाग फोनवर. जाहीर चावी फक्त बंद करते, उघडते ती शाखेकडची खासगी. फोननं प्रत्येक नोंदीसाठी नवी एईएस (कूटबद्ध करण्याची प्रचलित पद्धत) चावी घ्यायची, नोंद बंद करायची, आणि ती चावी शाखेच्या जाहीर चावीनं मोहोरबंद करायची. पुढे एजंटलाही ती उघडता येत नाही, चोरालाही नाही. दर नोंदीला नवी चावी असल्यामुळे एईएस-जीसीएममधली ‘त्याच चावीसोबत एकच आरंभ-आकडा दोनदा वापरला गेला तर?’ ही नेहमीची धास्तीही मिटते. सोबत नावं आणि शिल्लक फोनवरून काढूनच टाकली. खाते क्रमांक आणि रक्कम पुरे. नावं एजंटांना पाठ असतात.

काय केलं

मे महिन्याच्या शेवटी संचालक मंडळासमोर सगळं ठेवलं. तिथला कठीण प्रश्न तांत्रिक नव्हता : आजवर माहिती उघडी होती हे इतिवृत्तात लिहायचं का? एका संचालकांचं मत होतं की फोन परत आला, कुणाचं नुकसान नाही, तर कागदावर कशाला. मॅडम ठाम राहिल्या. इतिवृत्तात दोन परिच्छेद लिहिले गेले, ज्या एजंटचा फोन बाहेर राहिला त्याच्या खातेदारांना एजंट स्वतः भेटून सांगून आला. बहुतेकांनी “बरं” म्हणून त्या दिवशीची पिग्मी दिली, असं त्यानं सांगितलं.

मुदत ठरली ३१ ऑगस्टच्या चवथीआधीची, म्हणजे गणेश चतुर्थीआधीची. चवथीच्या बाजाराला, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाला लोक पिग्मी काढायला येतात. त्या गर्दीत नवं काही सुरू करायचं नाही.

फोनवरचं खोकं काढलं. ॲप ब्राउझरमध्ये उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ केलं की आयकन मिळतोच, बोधचिन्हासकट. ४.४ च्या तिन्ही फोनवर तात्पुरतं क्रोम ८१ बसवलं, लेखी अट घालून की दिवाळीपर्यंत फोन बदलायचे. तो ब्राउझर २०२० नंतर दुरुस्त्या न मिळालेला आहे हे माहीत होतं. पण आता त्या फोनवर वाचण्यासारखं फारसं काही राहणार नव्हतं, म्हणून हा धोका पत्करला. एक्सप्लोरर पासबुकापुरताच ठेवला. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला त्याला निरोप दिला, ते आमच्या पथ्यावर पडलं. क्लार्कना समजावताना तारीख दाखवता आली.

उघडताना होणारी तपासणी नव्यानं लिहिली. ब्राउझरचं नाव वाचून ठरवायचं नाही, कारण ब्राउझर नाव खोटंही सांगतात. ‘सटल’ आहे का एवढंही पुरत नाही, कारण वस्तू असते आणि आतली पद्धत नसते. म्हणून ॲप सुरू होताना एक छोटी नोंद खरोखर मोहोरबंद करून बघतं, आणि ठरावीक मजकुराचा हॅश (गणितानं काढलेला ठसा) ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. जमलं तर हिरवी पट्टी. नाही जमलं तर कारण वेगवेगळं दाखवायचं : “पत्ता चुकीचा आहे, काउंटरवर लावलेल्या कागदावरचा पत्ता वापरा” किंवा “हा ब्राउझर जुना आहे, शाखेत फोन करा”. तिसरी वाट नाही. ‘मॅथ डॉट रँडम’ कोडमधून हद्दपार.

शाखेत डोमेनचं नाव आतल्या पत्त्याकडे वळवलं, आणि पहिल्याच दिवशी ते उघडेना. शाखेचा राउटर बाहेरच्या डीएनएसकडून आलेलं खासगी पत्त्याचं उत्तर गाळून टाकत होता. फसवणूक टाळण्यासाठी अशी सोय असते. आम्ही पाचही संगणकांना बाहेरचा सार्वजनिक डीएनएस दिला आणि हात झटकले.

जुलैत वादळी पावसात झाड पडून केबल तुटली. दोन दिवस इंटरनेट नाही. सर्व्हर खोलीत, संगणक दहा फुटांवर, मधली तार शाबूत, तरी काउंटरवर ‘पत्ता सापडत नाही’. नावाचं उत्तर द्यायला बाहेरचं जग लागत होतं. एचटीटीपीच्या काळात हे कधी झालं नव्हतं, आणि क्लार्कनी ते आम्हाला दोनदा ऐकवलं. पहिल्याच दिवशी पाचही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या संगणकातल्याच यादीत) एक ओळ घातली असती तर राउटरचं आणि केबलचं, दोन्ही दुखणी उद्भवलीच नसती. ती ओळ घालायला एकूण वीस मिनिटं लागली.

परिणाम

चवथ सुरळीत गेली. पळवाट वापरल्याची शेवटची नोंद ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. दिवाळीला तीन फोन बदलले.

एजंटांची तक्रार मात्र राहिली : संध्याकाळी कुणी किती दिलं ते बघता येत नाही. पान उघडं असेपर्यंत एकूण बेरीज दिसते, बंद केलं की तीही जाते. त्यामुळे चौघांनी खिशात छोटी डायरी ठेवायला सुरुवात केली, नावं, आकडे, सगळं मराठीत, स्वच्छ अक्षरात. फोनवरून जी माहिती आम्ही एवढ्या खटपटीनं काढली ती परत त्यांच्याच खिशात गेली. अकाउंटंट खूश आहेत, त्यांना ताळा मिळतो. मी यावर उपाय शोधलेला नाही, आणि शोधावा का याबद्दलही साशंक आहे. डायरी जवळ बाळगायची असते हे एजंटाला तीस वर्षांपासून कळतं.

आराखड्यात एक कमजोरी उरली आहे, ती सांगितली पाहिजे. जाहीर चावी फोनवर होस्टिंग सर्व्हरवरून येते. त्या सर्व्हरवर कुणाचा ताबा बसला तर तो आपली चावी पाठवू शकतो. शाखेची खासगी चावी मात्र तिथे नाही. तिची छापील प्रत मोहोरबंद पाकिटात तिजोरीत आहे, आणि वर्षातून एकदा ती उघडून चालते का हे बघायचं ठरलं आहे.

दोन वर्षांनी

मार्च २०२४, शिगम्याच्या तोंडावर दोन एजंटांचा भरणा आणि ॲप जुळेना. रोख बरोबर, डायरी बरोबर, पण दोन दिवसांच्या नोंदी सर्व्हरवर नाहीत. फोनवर हिरवी पट्टी, आणि खाली ‘इंटरनेट नाही, नंतर पाठवू’. एजंटांना वाटलं रेंज गेली.

दोन्ही फोन अँड्रॉइड ६ चे. लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, ज्यावर त्यांच्या बाकी प्रमाणपत्रांचा भरवसा टेकतो, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्याच फोनमध्ये आहे. त्याआधीचे फोन एका जुन्या मुळाच्या आडव्या सहीवर, म्हणजे त्यानं नव्या मुळाला दिलेल्या हमीवर, तगून होते. ती साखळी फेब्रुवारी २०२४ पासून आपोआप मिळणं बंद झालं, आणि आमचं होस्टिंगवरचं प्रमाणपत्र मार्चमध्ये नूतनीकरणाला आलं. पान फोनमध्ये साठवलेलं असल्यामुळे उघडत होतं, क्रिप्टोची तपासणी पास होत होती, फक्त पाठवताना जोडणी नाकारली जात होती. आणि जावास्क्रिप्टला प्रमाणपत्र नाकारलं की रेंज गेली, यातला फरक कळत नाही. दोन्हींना एकच एरर. आम्ही २०२२ मध्ये तिरस्कारानं काढलेल्या पळवाटेचीच ही धाकटी बहीण होती, आणि ती आम्ही स्वतः लिहिली होती.

नोंदी मोहोरबंद, फोनमध्ये अडकलेल्या. एजंटांना ‘धोका पत्करून पुढे जा’ दाबायला लावायचं नव्हतं, दोन वर्षं आम्हीच नको म्हणून शिकवलं होतं. जुनी साखळी जूनपर्यंत मागून घेता येत होती. ती मागितली, सर्व्हरवर लावली, संध्याकाळी दोन्ही फोनवरून सगळ्या नोंदी आल्या. मग त्या फोनवर फायरफॉक्स बसवलं, कारण तो मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःची वापरतो, फोनची नाही.

एका एजंटानं पुढे फोन बदलला. दुसरे, तेच मार्दोळच्या लाइनीचे काका, अजून त्याच फोनवर आहेत. ॲपमध्ये आता चोवीस तास काही पोचलं नाही तर पट्टी पिवळी होते आणि शाखेचा नंबर दिसतो. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, पट्टी पिवळी झाली म्हणून. बघितलं तर त्या दिवशी खरंच रेंज नव्हती.